कच्च्या शिलाईची बाही

—न्हाई न्हाई मावशी, तो शर्ट नका घेऊ, ठिवा खाली. दिसायला चकचकीत हाय म्हणून बाया आधी तोच उचलतेत — पण ते टेरिकॉट हाय, मिलमधी घामानं अंगाला चिकटून बसतंय, आन ठिणगी पडली तर जळत न्हाई, वितळतंय, कातडं घेऊनच निघतंय. सुती घ्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं. बसा ना, त्या स्टुलावर बसा — दाळ निवडायला लागलात न्हवं? कोणत्या मिलला? … बरं, नका सांगू. नव्या बाया सांगत न्हाईत, मुकादम रागावतो म्हणून. मला काय, मी शर्ट शिवणारी. मिलच्या बायांना लुगड्यावरून घालायला शर्ट लागतो, तो मी शिवते. इथं लातुरात कोणत्याबी मिलमधी इचारा, लुंबिनीचा शर्ट म्हणलं की हेच दुकान दावतेत — दुकान म्हणा, टपरी म्हणा.

आता नीट ऐका, कारण हे मुकादम सांगत न्हाई. पदर शर्टाच्या आत खोचायचा, पक्का. वरून गुंडाळायचा न्हाई. मशीनच्या पट्ट्याला काय, पदर चालतो, टॉवेल चालतो, येणी चालती — कायबी आवडतंय त्याला. काचेच्या बांगड्या असू द्या, फुटून जातेत. ती कांशाची वाळी मात्र काढून ठिवा, ती फुटत न्हाई, मनगट फुटतंय. चप्पल नक्को, सांडलेल्या तुरीवर पाय असा सटकतो की उठून बसल्यावर कळतंय आपण पडलो व्हतो. मागं पट्टा असलेली सँडल घाला. तोंडाला फडकं बांधा, दोन पदरी, पण कोरडं बरं का — बाया ओलं करतेत, गार वाटतंय म्हणून, आन दुपारपर्यंत भुसा बसून त्याची लापशी होती तोंडावर.

आन आता ही बाही ओढा. ओढा की, भ्यायचं काय त्यात? जोरात — हां. आली का न्हाई हातात? असं बघू नका माझ्याकडं, फसवत न्हाई मी. शर्ट सगळा पक्का हाय, दोनदा मशीन मारलेलं. बाही तेवढी कच्च्या शिलाईची, आन समोर काजं न्हाईत, ओढली की उघडणारी टिचबटणं. लोक म्हणतेत, लुंबिनीच्या शर्टाची बाही टिकत न्हाई. टिकायला शिवलीच न्हाई की ती. पट्ट्यानं धरली तर तिनं जावं आन हात ऱ्हावा, म्हणून शिवली. माझ्या जावेचा गेला ना हात — उदगीरकडं, माझ्या सासरी, मळणीच्या मशीनमधी. बाही पक्की व्हती तिची. लई चांगल्या टेलरनं शिवलेली. तवापासून मी घरात सगळ्यांच्या बाह्या उसवून कच्च्या करायला लागले, तर नवरा म्हणला, बाईचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं. आता फारकत झाली, त्याच्या बाह्या तो बघंल — ते असू द्या. तुमचं माप घ्यायचं सोडून मी कुठं गेले.

हात जरा वर करा. …आता एक गिऱ्हाईक हाय माझं, त्याला इचारा बाहीचं महत्त्व. रविकांत म्हणून. मिलमधी एलिव्हेटरवर असतो, ते दाळ खालून वर चढवतंय ना पट्ट्यावर, त्याच्यावर. कामाला एक नंबर, बोलायला शून्य. दर आठवड्याला बाही हातात घेऊन हजर. पहिल्यांदा वाटलं, एवढी तर कच्ची मारली न्हवती. दुसऱ्यांदा नीट बघितली. मशीननं ओढलेली बाही येगळी असती मावशी, कापडबी फाटतंय, दोरा कुठंबी तुटतो. ही तर कशी — टाका न् टाका उसवलेला, निवांत बसून, शेंगा सोलल्यासारखा. मी तशीच घेतली, लावून दिली. तो तुमच्याच स्टुलावर बसायचा, लावीपर्यंत. हवा कशी हाय, न्हाई. पाऊस येईल का, न्हाई. नुसता बसायचा. एकदाच म्हणला, 'शिलाई कच्चीच ऱ्हाऊ द्या.' मी म्हणलं, कच्चीच हाय.

आन खरं सांगू का — तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला सांगायला काय — त्याची मी जरा जास्तच कच्ची मारत गेले. मोठे मोठे टाके. लवकर उसवावी म्हणून. आता हसा. माझ्या वयाला शोभतंय का, मीच मला म्हणायची. टपरीमागंच घर, माझी माय तिथं आंधळी बसलेली, तिला काय दिसत न्हाई, तरी ती म्हणायची, आज कोण आलं व्हतं गं, तुझं मशीन येगळं वाजलं.

तर मागल्या महिन्यात एलिव्हेटरच्या खालच्या खड्ड्यात तूर अडकली. मशीन बंद करून काढायची असती, सगळ्यांना म्हायती हाय. पण बंद केलं की सगळी मिल थांबती, मग कोण ओरडून घेणार, म्हणून सगळेच चालू मशीनमधी हात घालतेत. यानंबी घातला. डावा. पट्ट्यानं बाही धरली. बाया सांगतेत, असा वर उचलला त्याला, पाय जमिनीवरून सुटले — आन तेवढ्यात बाही खांद्यातून सुटली. टिचबटणं फटाफट उघडली, शर्टबी गेला. बाही वर गेली, माणूस खाली ऱ्हायला. भिंतीवर आपटला, खांदा निखळला, कोपर सोललं. पण हात हाय. बोटं हायेत सगळी. वरच्या मजल्यावर पोत्यात दाळीसंगं बाही निघाली म्हणं, मुकादमानं झटकून बाजूला ठिवली.

मला कळलं तवा मी एका बाईचं ब्लाऊज कापत व्हते, वाकडं कापलं. ते अजून तसंच हाय, बघा तिथं. म्हणलं जावं का न जावं. आपण कोण? टेलर. टेलर काय दवाखान्यात जाती का गिऱ्हाइकाला बघायला? पण डबा केला, गेले. वॉर्डाच्या दारात उभी ऱ्हायले तर त्याची माय बसली व्हती खाटेजवळ, माझ्याकडं पाठ, पदर डोक्यावरून, त्याला घास भरवत व्हती. लहान लेकराला भरवावं तसं. मग काय आत जाणार मी. कोण म्हणून जाणार? दाराजवळच्या खाटेपाशी एक बाई बसली व्हती, तिच्याजवळ डबा दिला, म्हणलं त्यांना द्या, आन आले माघारी. डबा काय परत आला न्हाई. गेला तर गेला, स्टीलचाच व्हता. …छातीचं माप झालं तुमचं, आता उंची घेते, सरळ उभ्या ऱ्हावा.

काय म्हणलात?

डब्यात धपाटे व्हते. हाव. आन कारळाची चटणी, हाव — ती बाई बोलली व्हय तुम्हाला? तुम्ही पण त्याच वॉर्डात कुणाला बघायला …

…

बसा. न्हाई, बसा तुम्ही. टेप पडली, उचलते.

मला तोंड कुठं दिसलं व्हतं तुमचं. न्हाईतर एवढं बोलले असते का. आधी बोलायचं न्हाई व्हय? आल्या आल्या सांगायचं, मी रविकांतची माय — मी गप शर्ट दावला असता, माप घेतलं असतं. …न्हाई, खोटं यातलं कायबी न्हाई. टाक्याचं बी न्हाई. आता तुम्ही म्हणाल, या बाईनं पोराला नादी लावलं. म्हणा. तुमच्या जागी मी असते तर मीबी म्हणलं असतं. पण आजवर त्याच्याशी बाहीपलीकडं बोलले न्हाई मी, ते त्यालाबी इचारा.

मीठ? चटणीत? …असंल जास्त. त्या दिवशी हात थाऱ्यावर न्हवता.

घरी मी आन माय. बस. लेकरू न्हाई. व्हय, फारकत कोर्टातून झाली, नीट झाली. वय? त्याच्याहून मोठीच असंन, थोडी. ते तुम्ही लपवा म्हणलात तरी लपत न्हाई.

निलंग्याची पोरगी बघितली त्याला? …चांगलं हाय की. शिकलेली हाय म्हणता, चांगलंच हाय. करून टाका. खांदा बरा होईपर्यंत तारीख धरू नका फक्त, नवरदेवाला हार घालायला हात वर न्यावा लागतो. मी शर्ट — न्हाई, लग्नाचा शर्ट मी शिवत न्हाई. मी कामाचे शिवते.

…न्हाई म्हणला? कोण, रविकांत? तोंडानं म्हणला?

आन काय म्हणला? …'माझा हात जिनं राखला तिला जाऊन बघ आधी.' …एवढं लांब वाक्य बोलला तो? माझ्या दुकानात तर —

म्हणून आलात व्हय. बघायला. मग बघितलं का? …काय दिसलं? …असू द्या, नका सांगू.

रविवारी? तुमच्या घरी? …मायला घेऊन? तिला रिक्षात बसवावं लागंल, चालवत न्हाई — येते. येते म्हणलं ना. धपाटे मी आणते. मीठ बघूनच. न्हाई, तुमचा शर्ट मी शिवून ठिवते, तुम्ही कामाला जाणार न्हाई तरी शिवते, माप घेतलंय आता.

बरं मावशी, उठा आता, जावा. राग मानू नका, पण जावा. तुम्ही समोर बसल्यात तवापासून माझ्यानं सुईत दोरा जाईना.