एकदाच उघडलेली खुर्ची

— नाही नाही, ‘एकदाच वापरलेलं’ असं जे मी जाहिरातीत लिहिलंय ना, ते अक्षरशः खरं आहे. ये, आत ये, चपला बाहेरच राहू देत, कोणी नेत नाही — अकरा वर्षं झाली सिंगापूरला, या टॅम्पिनीसमध्ये, या कॉरिडॉरमधून एक चप्पल हललेली नाही. प्रताप ना? पुण्याचा? ओळखलं मी, सामान बघायच्या आधीच ‘फायनल किती’ विचारलंस तेव्हाच ओळखलं. मी निशिकांत. अरेतुरे केलं तर चालेल ना? बरं. त्या खोक्यावर नको बसू, त्यात स्टोव्ह आहे, सोफ्यावर बस. तर बघ — दोन घडीच्या खुर्च्या, एक टेबल, कंदील, स्टोव्ह, आणि ती निळी बादली फुकट. बादली कशाला? येईल, तेही येईल. तू पण अ‍ॅरिझोनाला आरव्ही, ते चाकांवरचं घर, घेऊनच चाललायस म्हणालास ना, बायकोबरोबर? मग ऐकच. सामान तुला कुठेही मिळेल, माझ्यासारखा अनुभव नाही मिळायचा.

आता ही कल्पना कोणाची? माझी. सगळी माझी. मेधा — माझी बायको, आत्ता समोरच्या ब्लॉकमध्ये गेलीय मैत्रिणीकडे, प्रणिताकडे, येईलच — तर मेधा पन्नाशीच्या वाढदिवसाला केक कापता कापता म्हणाली, की कॉलेजात असताना नाशिककडे शिबिराला गेले होते, त्यानंतर चांदण्यांनी भरलेलं आकाश बघितलंच नाही रे. इथे काय दिसणार? खिडकीतून समोरच्या ब्लॉकचे ट्यूबलाइट दिसतात. मी म्हटलं, थांब, तुला आकाश दाखवतो. दोन वर्षं तयारी केली, गंमत नाही. हॉलमध्ये चिकटपट्टीनं आरव्हीची मापं आखली — त्या सोफ्यापासून शूरॅकपर्यंत — आणि एक आख्खा रविवार आम्ही तिघं त्या रेघांच्या आत राहिलो. जाई, आमची लेक, दुपारी साडेबाराला रेघ ओलांडून गेली, म्हणाली, “पप्पा, I resign lah.” मग इथल्याच पुलाउ उबीन बेटावर तालीम केली, रीतसर परमिट काढून, तंबू ठोकून — तर रानडुक्कर आलं आणि गुळपोळ्यांचा डबा घेऊन गेलं. डबा! झाकणासकट! मेधा इतकी हसली, इतकी हसली की परतीच्या बमबोटीत त्या नावाड्यानं वल्हं टाकून तिला पाणी दिलं. — वल्हं नसतं? हो, मोटरबोट असते, पण दिलं पाणी. सांगायचा मुद्दा, तेव्हा ती माझ्याबरोबर हसायची.

तर अ‍ॅरिझोना. लाल वाळवंट, माणसापेक्षा उंच निवडुंग, आणि सरकारी कॅम्पची जागा — बुकिंग नाही, फोन नाही, जो आधी येईल त्याची. आम्ही पोचलो सकाळी. टोकाची जागा रिकामी, सिमेंटचं टेबल, समोर आडवं काही म्हणून नाही, सगळं आकाशच. मेधा नुसती उभी राहिली. मी लगेच खुर्ची काढली, बसून बघितली — हीच, तुला दाखवतो — उत्तम! आणि तेवढ्यात कळलं की टाकीतलं पाणी संपलं. कोणी संपवलं? आता तू म्हणशील... हो, मीच. मला शॉवर चालत नाही रे, बादली भरून तांब्यानं अंघोळ केल्याशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, आणि ती बादली मी इथून नेली होती, ही निळी — दोन बादल्या घेतल्या, तीन असतील, आणि टाकी खडखडीत. पाणी भरायला वीस मैल मागे जायचं. आणि जागेचं काय? जागा गेली तर? मग मी काय केलं? जे तू केलं असतंस, जे इथला कोणीही शहाणा माणूस करेल ते — चोप! म्हणजे जागा धरली, टिश्यूचं पुडकं ठेवलं टेबलावर.

हसू नको. तुला इथे येऊन किती, सात महिने झाले? हॉकर सेंटरला जेवायला गेलास आणि टेबलावर टिश्यूचं पुडकं असलं तर बसतोस का तू तिथे? नाही ना? भुकेनं मेलास तरी बसणार नाहीस. हा संस्कार आहे! खुर्ची मी घडी करून परत गाडीत टाकली, म्हटलं कोणी उचलून नेली म्हणजे? पुडकं कोण नेतंय. शिवाय ते साधं नव्हतं, मेधानं त्याच्यावर निळ्या मार्करनं लिहिलं होतं, ‘टेकन. सॉरी.’ आणि एक हसरा चेहरा. मी ते ठेवलं, गाडीत बसलो, इंजिन सुरू केलं आणि तिला म्हटलं, वारा आहे, जाऊन त्याच्यावर एक दगड ठेव. एवढंच काम. एक दगड. ती गेली, दगड शोधला, टेबलापाशी गेली आणि तिथून ओरडली, “निशी, पुडकं कुठाय?” मी म्हटलं टेबलावर आहे, नीट बघ. “इथे काही नाहीये!” मी म्हटलं आहे, मी स्वतः ठेवलंय, चल आता, उशीर होतोय. तर बाई परत आल्या दगड हातातच घेऊन. म्हणजे काय झालं असणार? हिनं वेळ लावला, तेवढ्यात वाऱ्यानं नेलं. सरळ आहे. तो दगड बघ, टीव्हीजवळचा, लाल. आठ महिने तिथे ठेवलाय तिनं. मी काढत नाही, ती काढत नाही. पाहुणे विचारतात, काय हो, शाळिग्राम का?

परत आलो तर आमच्या जागेवर भलीमोठी आरव्ही, सत्तरीचे आजी-आजोबा आणि एक बुटका कुत्रा. मी उतरलो. शांतपणे सांगितलं — बरं, शांतपणे नाही — पण मुद्देसूद सांगितलं, की ही जागा आमची आहे, आम्ही इथे टिश्यू ठेवलं होतं. आजोबा म्हणाले, टिश्यू? मी म्हटलं येस, टिश्यू! ते आत गेले आणि टिश्यूचा आख्खा डबा घेऊन आले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, घ्या, होतं असं, वाळवंटात पुष्कळांना भरून येतं. आणि मेधा हसली. मी तिथे हक्कासाठी भांडतोय आणि माझी बायको पोट धरून हसतेय, त्यांच्या बाजूनं! वर आजोबा काय म्हणाले माहितीये? इथे जागा धरायला लोक खुर्ची ठेवून जातात. एक खुर्ची ठेवायचीत, कोणी हात लावला नसता. या, आमच्या शेजारी लावा गाडी, जागा भरपूर आहे. मी लावतो होय! मी संडासाशेजारी लावली.

हो, मग काय. संध्याकाळी मेधा चकल्यांची पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेली आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिलो. अंधार पडला तेव्हा ती आली, काचेवर टकटक केली, म्हणाली, “निशी, अरे बाहेर ये, बघ तरी.” मी म्हटलं, आधी कबूल कर दगड तू ठेवला नाहीस. ती परत आजी-आजोबांकडे गेली. दोन वर्षं तयारी केलेलं आकाश मी पत्र्याखाली बसून घालवलं. वाईट वाटतं रे. कोणाला सांगितलं नाही अजून, तू पहिलाच.

तर मग आता? आता ती म्हणते सगळं विकून टाक. ऑक्टोबरात लग्नाला पंचवीस वर्षं होतात आमच्या, आणि बाईसाहेब प्रणिताच्या ग्रुपबरोबर जपानला चालल्यात, आठ बायका. मला विचारलंसुद्धा नाही. पासपोर्टची कॉपी द्यायची आज शेवटची तारीख, तीच घेऊन गेलीय. माझं म्हणणं एवढंच, एकदा म्हण, ‘चुकले, दगड ठेवायचा राहिला.’ एक वाक्य! मी लगेच जाहिरात काढून टाकीन. पण नाही. उलट मलाच म्हणते, तुझं नेहमीचंच आहे, काखेत कळसा. का? तर एकदोनदा चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधला म्हणून. चष्मा वेगळा, पुडकं वेगळं!

जाऊ दे, तू खुर्ची बघ. पिशवी घट्ट आहे, ओढ तिकडून — त्या दिवशी घडी केली ती केली, परत उघडलीच नाही, कोण बसणार. हां, निघाली. वाळू सांडू दे, मी झाडतो. कापड बघ, एक डाग नाही. आणि हा हाताशी जाळीचा खण दिसतोय ना, यात चहाचा कप राहतो, पाण्याची बाटली राहते, मोबा—

हात नको लावू. थांब.

टेकन. सॉरी.

घडी करायला घेतली तेव्हा... हातात होतं ना माझ्या... इथे खणात टेकवलं... मग घडी केली. काखेत — अरे देवा.

प्रताप, ऐक. तू हे पाहिलं नाहीस. ही खुर्ची तुला फुकट, दोन्ही फुकट, टेबल घे, सगळं घे, आणि हे पण घे, खाली गेल्या गेल्या डस्टबिनमध्ये टाक. लिफ्टनं नको, ती लिफ्टनंच येईल, जिन्यानं जा. नववा मजला काय, तरुण आहेस तू! उचल, उचल लवकर, बघत काय राहिलास — आठ महिने, प्रताप! आठ महिने मी तिला रोज— 

गेटचा आवाज आला ना?

ये, मेधा. हा प्रताप. सामान न्यायला आ— नाही, न्यायला नाही, निघालाच आहे तो. प्रताप, खाली ठेव ती खुर्ची. ठेव म्हणतो ना. मेधा, कॉपी दिलीस? नाही? प्रणिता घरी नव्हती? बरं. बरं झालं. बस तू, या खुर्चीत बस. आणि हाताशी त्या खणात बघ. बघ तर. — हसू नकोस, आधी मला बोलू दे, मी आठ महिने... बरं, हस. हस तू. आणि तो दगड आण टीव्हीजवळचा. आण ना. ठेव त्याच्यावर.

प्रताप, तू अजून इथेच? विकायचं काही नाहीये. निघ.