पालकांची सही

नगरपालिकेत ‘तरुणांच्या सूचना’ लिहिलेल्या खिडकीशी माझ्या पुढे एक शाळकरी मुलगी उभी होती. आत चष्मेवाले कारकून बसले होते.

“साहेब, वाचनालय पाचला बंद होतं आणि आमची शाळा साडेपाचला सुटते. वेळ बदलून द्या, असा अर्ज आहे. शंभर मुलांच्या सह्या आहेत.”

“पालकांची सही कुठाय?”

“करा ना, बाबा.”

“इथं मी साहेब. बाबा घरी भेटतील.”

“घरी बाबा म्हणाले, ऑफिसचं काम घरात आणायचं नाही.”

“बरोबरच म्हणाले. शिस्तीचा माणूस आहे.”

“साहेब, तुम्हीच त्यांना समजवा ना जरा.”

“मी? ते स्वतःच्या बायकोचं ऐकत नाहीत, माझं काय ऐकणार!”

“आत्या सांगत होती, शाळेत असताना बाबांनीही हाच अर्ज दिला होता.”

“दिला होता. पालकांच्या सहीवाचून अडला.”

“आजोबांनी का नाही केली सही?”

“ते तेव्हा या खिडकीत बसायचे.”

“मग बाबांनी काय केलं?”

“काय करणार? मोठे झाले आणि इथंच नोकरीला चिकटले.”

“साहेब, तुम्ही रिटायर कधी होणार?”