शंभर वर्षांची लिफ्ट

कुरुळीच्या थांब्यावर कंपनीची बस लेट होती, म्हणून पुनमचे कान पुढच्या दोघांकडे लागले. एक पिकल्या मिशांचे मालोजीभाऊ, दुसरा त्यांच्याच लाइनवरचा समाधान.

“भाऊ, कंपनीनं बक्षीस म्हणून मुंबईच्या जुन्या हॉटेलात दोन दिवस ठेवलं. समुद्र तरी बघितला का?”

“न्हाई. लिफ्टपाशीच बसलो व्हतो.”

“लिफ्टपाशी?”

“शंभर वर्सांची हाय. जाळीचं दार. अजून धक्का न देता थांबती.”

“मग नवी का बसवत नाहीत?”

“लोक तिच्यापायीच तिथं उतरत्यात. चालवणारा बाबा एकाहत्तरचा. त्याच्यासंगं फोटो काढत्यात.”

“तुम्ही काढला?”

“काढला. त्यानं इचारलं, तुमी काय करता. म्हणलं, चाकणला मशिनी दुरुस्त करतो.”

“बरोबर सांगितलं.”

“शुक्रवारी रिटायर होतोय, तेवढं न्हाई सांगितलं.”