बाबांची प्रगती

अरे, पालकसभेत "मुलांनाही शाळेत बोलू द्या" असं ठासून सांगणारा कोण? तर मीच! मॅडमना ते पटलं. त्यांनी तिसरीच्या वर्गालाच विचारलं, शाळेत काय बदलायचं? मला वाटलं, पोरं सुट्टी मागतील. त्यांनी मागितलं काय, तर पालक भेटायला येतात तेव्हा आम्हीही तिथं बसणार आणि बोलणार.

झालं! पुढच्या भेटीला मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून धावतपळत पोचलो, तर आमची ईरा मॅडमच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेली.

मॅडम म्हणाल्या, "ईरा हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसतं."

मी डोळे वटारले. ईरा शांतपणे म्हणाली, "बाबांचंही घरी नसतं. मी काही सांगत असले की मोबाइलमध्ये बघत नुसतं हं, हं करतात."

"छे हो, असं काही नाही," मी म्हणालो, आणि नेमका खिशातला मोबाइल वाजला. मी तो काढून बघितलाही.

त्यानंतरच्या भेटीला मोबाइल गाडीतच ठेवून गेलो. मॅडमनी आधी ईरालाच विचारलं, "आता बाबा कसे आहेत?"

ईरानं माझ्याकडे नीट बघून घेतलं. "स्वल्प सुधारलेत, मॅडम. पण इतक्यात पास नका करू."