हरळी उपटणाऱ्या हातांचा सत्कार

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या जय किसान फुटबॉल क्लबच्या विद्यमान अध्यक्ष माननीय प्रेरणाताई ठोंबरे. यवतमाळहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, ज्येष्ठ पंच माननीय धरमसिंगजी राठोड. आजचे सत्कारमूर्ती, क्लबचे माजी अध्यक्ष माननीय भगवानराव गावंडे. त्यांच्या शेजारी, फोटोवाल्याने दोनदा विनंती करूनही मधली खुर्ची न सोडणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती, आमच्या भागीरथाकाकू. कळंबहून आलेला पाहुणा संघ. तुळसाबाई आणि त्यांच्यासोबतच्या सगळ्या आयाबहिणी. आणि समोर डावीकडे भगवानरावांच्या बाजूने, उजवीकडे त्यांच्या विरोधात आणि मधे चहा कधी मिळेल या विचारात बसलेले तमाम बाभुळगावकर फुटबॉलप्रेमी हो, आपणा सर्वांना बाबाराव नगराळेचा सविनय जयभीम आणि नमस्कार.

मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. पण माईक माझा, भोंगे माझे, वायरी माझ्या. बंद करायचा ठरवला तरी बटण कुठे आहे हे मलाच ठाऊक. इतकी वर्षं या ग्राउंडवर सामन्याचं वर्णन करत आलो, पण व्यासपीठावरून बोलायची वेळ आज पहिल्यांदा आली. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपला आणि कळंबचा सामना होतो. बैलांना विश्रांती असते, माणसांना काम नसतं, त्यामुळे गर्दी कमी पडत नाही. आजही चार वाजता सामना आहे. आणि आज पहिल्यांदा तो हिरव्या ग्राउंडवर आहे. या मंगल कार्यालयाच्या खिडकीतून मान वाकडी केली तर दिसेल. सगळ्यांनी एकदम वाकडी करू नका, भाषण माझं चालू आहे.

आता सांगायची गोष्ट अशी, की सत्कारमूर्ती या सभागृहात मागच्या दारानं आले. का? कारण पुढच्या दारानं यायचं तर ग्राउंड ओलांडावं लागतं, आणि राजीनामा दिल्यापासून भगवानरावांनी त्या ग्राउंडवर पाय ठेवलेला नाही. सत्काराला येतो म्हणाले, शाल घेतो म्हणाले, ग्राउंडवर मात्र येणार नाही म्हणाले. आपल्या क्लबची रीत आपण जाणता. करीच्या सामन्याचा चेंडू अध्यक्षांनी छातीशी धरून मधल्या वर्तुळापर्यंत न्यायचा आणि मग खेळ सुरू. प्रेरणाताईंनी हा मान आज भगवानरावांना दिला आहे. त्यांनी तो घेतलेला नाही. म्हणून मला उभं केलं आहे. माझं भाषण संपेपर्यंत भगवानराव तयार झाले तर ठीक, नाहीतर मी बोलत राहीन आणि कळंबकर उपाशी राहतील.

मंडळी, या माणसाच्या चुकांवर आपण बसस्टँडच्या टपरीवर जितकी चर्चा केली तितकी देशाच्या बजेटवर केली नसेल. त्या चर्चेचा मी जुना साक्षीदार आहे, कारण टपरीला लागूनच माझं दुकान. उजवीकडची मंडळी म्हणणार, या माणसानं ग्राउंडचं वाटोळं केलं, आणि तेही दोनदा. डावीकडची म्हणणार, ग्राउंड होतं कुठे वाटोळं करायला? दोन्ही बाजू खऱ्या आहेत. हे मी पाहुण्यांसमोर बोलतोय, म्हणून दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवायला हरकत नाही.

पहिली चूक मातीची. भगवानराव अध्यक्ष झाले तेव्हा इथे निव्वळ मुरूम होता. पोरं पडली की गुडघे सोलून निघायचे. भगवानरावांना ते बघवेना. त्यांनी काय करावं? स्वतःच्या वावरातली, ज्या वावरातला कापूस पाहायला दुसऱ्या तालुक्यातून लोक येतात त्या वावरातली, काळीभोर माती ट्रॅक्टर भरभरून आणली आणि ग्राउंडवर पसरली. पोरांसाठी दुय्यम माती आणायला त्यांचं मन धजेना. कास्तकाराला विचाराल तर यापेक्षा मोठं दान नाही. फुटबॉलवाल्याला विचाराल तर यापेक्षा मोठं संकट नाही.

त्या वर्षीची कर ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात. कळंबचा फॉरवर्ड गोलसमोर एकटा होता. त्यानं पाय उचलला. पाय आला, बूट जमिनीतच राहिला. त्यानं नुसत्या मोज्यानं चेंडूला लाथ मारली आणि चेंडू जागेवरून हलला नाही, कारण तोही रुतलेला. आमचे धरमसिंगजी शिट्टी फुंकत धावले आणि शिट्टीसकट आडवे झाले. धरमसिंगजी, मान हलवू नका, मी भोंग्यावरून ते सगळं वर्णन केलं आहे, तालुक्यानं ऐकलं आहे. उन्हाळ्यात त्याच जमिनीला अशा भेगा पडल्या की हवा भरायच्या पंपाची पिन आत गेली ती गेलीच. पुढे किती वर्षं कळंबवाले निघताना घरी सांगायचे, "बाभुळगावले खेळाले नाही, वावरात डवरणीले चाललो."

पण डावीकडच्या मंडळींचा मुद्दाही ऐका. जमिनीवर चेंडू सरकत नाही म्हटल्यावर आपली पोरं काय शिकली? चेंडू खाली पडूच द्यायचा नाही, हे शिकली. डोक्यानं खेळायला लागली. जिल्ह्याच्या स्पर्धेत यवतमाळच्या तयार संघांना कळेना, हे पायापेक्षा डोकं जास्त का वापरतात. आपण फायनलपर्यंत गेलो ते त्या चिखलातून गेलो. आणि मुलींचा संघ कोणी काढला? याच माणसानं. "पोरी वावरात आमच्यासंगं राबतात, तं ग्राउंडवर काहून नाही खेळणार," एवढं एक वाक्य बोलून त्यांनी विषय संपवला होता. तेव्हा उजवीकडच्या काही मंडळींनी नाकं मुरडली होती. आज त्यांच्याच मुली पहिल्या रांगेत जर्सी घालून बसल्या आहेत.

आता दुसरी चूक. ही सांगताना मला जरा घोटभर पाणी लागेल.

चिखलावर उपाय काय, हे धरमसिंगजींनीच सांगितलं. हरळी लावा म्हणाले. हरळी म्हणजे कळंबकर मंडळी दूर्वा म्हणून चिंतामणीला भक्तीनं वाहतात ती, आणि आपण कास्तकार मंडळी वावरात दिसली की शिव्या घालतो तीही. जमिनीला धरून पसरते, माती बांधून ठेवते, ग्राउंडसाठी तिच्यासारखं गवत नाही. त्याच सुमारास भगवानरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते अमरावतीला मुलीकडे गेले. आपला कॅप्टन अश्वजित आणि पोरांनी ठरवलं, काका परत येईपर्यंत ग्राउंड हिरवं करायचं आणि त्यांना चकित करायचं. उन्हाच्या आधी येऊन हरळी लावायची, संध्याकाळी पाणी द्यायची. पाऊसही वेळेवर आला. करीच्या तोंडावर ग्राउंड असं भरलं की पोरं त्यावर अनवाणी लोळायची.

नेमक्या त्या आठवड्यात संघ वणीला सामन्याला गेला आणि भगवानराव अमरावतीहून परतले.

मंडळी, जरा त्यांच्या जागी उभे राहून पाहा. जन्मभर कापूस पिकवलेला माणूस. नव्या डोळ्यानं पहिल्यांदा लख्ख दिसतंय. आणि काय दिसतंय? आपण घरी नव्हतो तर सगळ्या ग्राउंडवर हरळी माजलेली. त्यांना वाटलं, पोरं एकटी पडली, कोणी लक्ष दिलं नाही, आता करीला पाहुण्यांसमोर नाक कापलं जाणार. विचारायचं कोणाला, संघ वणीत. त्यांनी वावरात निंदायला येणाऱ्या तुळसाबाईला निरोप धाडला. तुळसाबाई आपल्या सगळ्या बायका घेऊन आल्या, रांग धरली आणि निंदण सुरू केलं. आणि तुळसाबाईचं निंदण म्हणजे वरवरचं नव्हे. विळ्यानं खोदून मुळांच्या काशा वेचल्या, ढीग केला आणि वाळवून जाळून टाकला. स्वतः भगवानराव त्या रांगेत बसून उपटत होते. मी दुकानातून पाहत होतो, पण मला वाटलं सामन्याची तयारी चालली आहे. मी लाऊडस्पीकरवाला, मला गवतातलं काय कळतं?

पोरं वणीहून जिंकून आली. गाडीतून उतरली. समोर काळंभोर, चकचकीत, एक काडी नसलेलं ग्राउंड. आणि मधोमध भगवानराव, हसत, हात पसरून. म्हणाले, "पाहा रे, कसं साफ केलं तुमच्यासाठी."

अश्वजित कडेला खाली बसला. तिथूनच म्हणाला, "काका, ते आम्ही लावलं होतं."

त्यानंतर भगवानरावांनी गेटची किल्ली अश्वजितसमोर ठेवली आणि ते घरी गेले. ना निरोप समारंभ, ना हार, ना भाषण. अश्वजितही रागात होता, त्यानं अडवलं नाही. आणि टपरीवर मात्र दोन बाजू पडल्या त्या आजपर्यंत. एकच व्यक्ती कुठल्याही बाजूला नव्हती, त्या तुळसाबाई. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. तालुक्यात इतकं साफ निंदण कोणी केलं नसताना आम्हाले एकानंही शाबासकी दिली नाही, असं त्या मला दरवेळी ऐकवायच्या. तुळसाबाई, आज या माईकवरून सांगतो, काम अव्वल होतं. जागा तेवढी चुकली.

पुढची हकिकत सांगायला भागीरथाकाकूंनी आज सकाळीच परवानगी दिली आहे. भगवानरावांनी दिलेली नाही, तेव्हा ते उठून माईक हिसकायच्या आत सांगून टाकतो.

प्रेरणाताई अध्यक्ष झाल्या आणि पुन्हा हरळी लावायचं ठरलं. बियाण्याला हरळी हवी. अश्वजित गावोगाव फिरला. पण कोणत्या कास्तकाराच्या तोंडून निघेल, की हो, माझ्या वावरात हरळी आहे? "आमच्या वावरात हरळी? आमच्या आज्यापासून नाही," असंच जो तो सांगायचा. पोराला हाकलायचे जणू सोयरिकीत खोट काढायला आला आहे. वावराच्या कडेला धुऱ्यावर हिरवीगार दिसत असली तरी नाहीच म्हणायचे.

त्याच काळात टपरीवर एक नवा विषय निघाला होता. कळंब रोडवरून येणारे-जाणारे सांगायचे, भगवानराव आता थकले. ज्यांच्या वावरात गवताची काडी शोधून सापडायची नाही, तिथे रोडला लागून चांगला मोठा पट्टा हरळीनं भरला आहे. उजवीकडच्या मंडळींनी हाही पुरावा म्हणून मांडला, की ज्याला स्वतःचं वावर सांभाळत नाही तो क्लब काय सांभाळणार होता. पाहुणे आले की हसायचे. घरच्यांनी टोकलं. काकूंनी तर स्वतः विळा घेऊन निघायची तयारी केली, तेव्हा त्यांना म्हणाले, "राहू दे. लोक हासतीन तं हासू दे. पोरायले लागन ते."

मंडळी, तो पट्टा पडीत नव्हता. तो पेरलेला होता. तिथे कापूस सोडून हा माणूस हरळीला पाणी देत होता. ज्या गवतावर आयुष्यभर विळा चालवला ते गवत, रोडला लागून, सगळ्या तालुक्याला दिसेल अशा जागी, हसू करून घेत वाढवत होता. कास्तकाराच्या इज्जतीचं मोल इथे बसलेल्या कास्तकारांना मी सांगायची गरज नाही. आणि मग काकूंनी अश्वजितला बोलावणं धाडलं. आज खिडकीतून जे हिरवं दिसतंय, त्यातली काडी अन् काडी त्या पट्ट्यातली आहे.

उजवीकडच्या मंडळींनी आता माना खाली घालू नयेत. डावीकडच्या मंडळींनीही फार फुगू नये, त्यांनाही हे माहीत नव्हतं.

काल मी भगवानरावांच्या घरी गेलो. म्हटलं, आता तरी ग्राउंडवर या. राग आहे का कोणावर? नाही म्हणाले. मग लाज वाटते? आता कसली लाज म्हणाले. मग अडलं कुठे? या माणसानं दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. मग म्हणाला, "बाबाराव, माह्या हाताचा भरोसा नाही. हरळी दिसली का हात आपोआप खाली जाते. त्या पोरायसमोर पुन्हा तसं झालं तं?"

खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं आणि हसूही आलं. चहा पिऊन परत आलो. रात्रभरात एक उपाय सुचला तो आता सर्वांसमोर मांडतो.

भगवानराव, चेंडू लहान नाही. तो दोन्ही हातांनी छातीशी धरावा लागतो. आपली रीतच तशी आहे. दोन्ही हात चेंडूत असले तर खाली जाणार कसे? कडेपासून मधल्या वर्तुळापर्यंत तुमच्या हातांची जबाबदारी चेंडूवर.

काय म्हणता? जरा मोठ्यानं, माईकमधे आलं नाही. हं. ते विचारताहेत, "आन् चेंडू खाली ठेवल्यावर?"

वाजवी प्रश्न आहे. त्याची तजवीज झाली आहे. चेंडू ठेवून तुम्ही सरळ व्हाल तेव्हा आपला संघ आणि कळंबचा संघ, दोन्ही रांगेत उभे असतील, तुमच्याशी हात मिळवायला. त्यानंतर मुलींचा संघ. त्यानंतर, रांग धरायची सवय असलेल्या तुळसाबाई आणि त्यांच्या बायका. आणि सगळ्यांत पहिला हात अश्वजितचा. हे त्यानं स्वतः मागून घेतलं आहे. शेवटच्या माणसाचा हात सुटेपर्यंत तुम्ही ग्राउंडच्या बाहेर आलेले असाल. तुमचा हात आज रिकामा राहणारच नाही.

उठले. मंडळी, भगवानराव उठले आहेत. काकू, त्यांची शाल सावरा. अश्वजित चेंडू घेऊन येतोय, वाट द्या. मागचं दार कोणीतरी लावून घ्या, ते पुढच्या दारानं जाणार आहेत.

माझं मनोगत इथेच आवरतं घेतो. अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, कळंबच्या संघाचे आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला जास्त चिमटा बसला असेल, तर भोंग्याला दोष द्या आणि मला माफ करा. आणि ग्राउंडवर कुठे एखादी काडी उपटलेली दिसली, तर आज कोणी काही बोलू नका. तिथे हरळी पुन्हा येते.