पाऊस पडेपर्यंत डिझेल

नाही नाही, ती पिशवी हलवू नका — राहू दे खिडकीशी, तिथे बरी आहे. सँडविच? छे हो, माझा नवरा आहे तिच्यात. रॉडनी. अहो, दचकता काय, राख आहे नुसती, डब्याचं झाकण घट्ट आहे. बसा. गळ्यात कॅमेरा म्हणजे तुम्हीही त्यातलेच — वाफेचं इंजिन बघायला आलात आणि पुढे लागलंय काय, तर डिझेल! तोंड बघा केवढंसं झालंय. मग माझं काय झालं असेल? आज याला भट्टीत टाकायचा होता. कुठल्या म्हणजे? इंजिनाच्या! इथल्या हौशी रेल्वेवाल्यांची पद्धतच आहे ती — यांच्यातलं कुणी गेलं की फावडंभर कोळशावर राख ठेवायची, गाडी चढणीला लागली की भट्टीत सोडायची, ड्रायव्हर लांब शिट्टी देतो आणि शेतातली मेंढरं उधळतात. बर्नार्डच्या भावाला असंच पोचवलं, मी केक करून आणला होता तेव्हा.

बर्नार्ड म्हणजे इंजिनांच्या शेडचा मुख्य हो, मिशीत काजळी मुरलेला. आज सकाळी स्टेशनात पाय ठेवला तर हा टोपी हातात घेऊन उभा. "मॉरीन, गवत वाळलंय गं सगळं. भट्टीतली एक ठिणगी उडाली तर अख्खी टेकडी पेटेल. पाऊस पडेपर्यंत डिझेलच." अरे, मग कालच फोन करायला काय झालं होतं? पण बायकांना फोन करायचा म्हटला की यांच्या हाताला लकवा मारतो. रॉडनी शेडमध्ये कोसळला तो भर दुपारी. ॲम्ब्युलन्स लगेच बोलावली, ते खरंय — पण मला कधी कळवलं? शेवटची गाडी परत आली, डब्यांना कुलपं लागली, त्यानंतर! म्हणे, त्यालाही हेच आवडलं असतं, गाड्या वेळेवर सुटलेल्या. आवडलंच असतं हो. तेच तर माझं दुःख आहे. तो तिकडे हॉस्पिटलात एकटा, आणि मी इकडे त्याच्यासाठी बटाटे सोलतेय.

घ्या, चहा घ्या, थर्मासमधला आहे पण गरम आहे. तर ती लेडी कॉन्स्टन्स — इंजिन हो, ते हिरवं, ज्याचा फोटो काढायला तुम्ही आलात. गंजून भंगारात पडली होती, या म्हाताऱ्यांनी उचलून आणली. तेव्हा म्हातारे नव्हते म्हणा. दर शनिवार, दर रविवार, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा — सगळे हौसेचे, फुकटचे हमाल. सवत परवडली असती मला, तिला रस्त्यात गाठून चार शब्द सुनावले तरी असते. हिला काय सुनावणार? मुलीच्या लग्नाचे फोटो बघा, नवरीचा हात धरून चर्चमध्ये शिरतोय आणि नखांत काळं. माझ्या आईला पुरलं त्या दिवशी बॉयलरची तपासणी. "आजच्या दिवस घरी थांब रे," म्हणायचे मी. "ट्यूबा बसवायच्यात, मॉरीन." कायम ट्यूबा! आणि डिझेलवाल्यांचा तर याला असा राग — आज पुढे तो डेरिक चालवतोय ना, त्याच्याकडे कँटीनमध्ये पाठ करून बसायचा. आता बघा, त्याच डेरिकच्या मागे बसून गपगुमान चाललाय. हसा की, मीही हसले मघाशी.

फावडं मीच मारायचं ठरलं होतं. बर्नार्ड म्हणाला, तुझा मान आहे तो. म्हणून बागेत सराव केला हो, वाळू घेऊन. कुंपणापलीकडून शेजारीण विचारते, "काय गं, काय पुरतेस?" अर्धी वाळू बुटात गेली, पण जमलं शेवटी — मनगट असं वळवायचं, असं, आणि झटका द्यायचा. मला ते भट्टीचं दार उघडलेलं बघायचं होतं. घे बाई, म्हणायचं होतं, जन्मभर तुझाच होता, आता उरलासुरलाही घे, आणि सोड मला एकदाची. एवढंच. जास्त काही नाही.

काय म्हणालात? शेवटची इच्छा? — हो तर. म्हणजे, सगळे तसंच म्हणतात. तो गेला तेव्हा हॉस्पिटलच्या दारातच बर्नार्ड म्हणाला, "त्याला भट्टीच हवी असणार," आणि मी मान डोलावली. रॉडनी स्वतः? तो काय बोलणार, तो शुद्धीत... होता. मी पोचले तेव्हा शुद्धीत होता तो. चांगला होता. हात धरून म्हणाला, "मॉरीन, बास झाली ती गाडी. मला घरी ने. आणि जमलं नाही तर नंतर तरी ने, मागे गुलाबांपाशी ठेव, बाकाजवळ." गुलाबांपाशी! कधी पाणी घातलं का त्यांना? माझी बाग कुठल्या बाजूला आहे ते तरी ठाऊक होतं का त्याला? ... होतं म्हणजे. बाकाजवळ म्हणाला ना. त्या बाकावर मी बसायची संध्याकाळी, त्याच्या गाडीचा आवाज कधी येतो म्हणून — आणि मला वाटायचं, याला मी कुठे बसते ते माहीतही नसेल.

असं काय बघताय माझ्याकडे? तुम्ही कोण मला बघणारे? तासाभरापूर्वी ओळख नव्हती, देख नव्हती, फुकटचा चहा प्यायलात आणि लागलात डोळे वटारायला! इच्छा म्हणे. माझीही होती की. चाळीस वर्षं "घरी ये, घरी ये" करत होते, तेव्हा नाही आला. खाटेला खिळल्यावर घर आठवलं!

आलं बघा तुमचं स्टेशन. मी नाही उतरत, मी याच गाडीनं परत. बर्नार्डला सांगितलंय, ही पिशवी तिकडे स्टेशनात, त्यांच्या कंदील ठेवायच्या खोलीत ठेवायची, पाऊस पडेपर्यंत. घरी नाही न्यायची. नाही म्हणजे नाही. — काढा तो हात पिशवीवरून! मी घेते मांडीवर. मी थांबले ना एवढी वर्षं? मग थांबू दे त्यालाही. उतरा तुम्ही. उतरा म्हटलं ना!