दुपारी दोन ते चार

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आज आधी एक प्रश्न विचारतो. माणूस रागात काहीतरी करून बसतो. राग तासाभरात उतरतो. पण रागात जे केलं, ते उतरतं का? की ते आपलं काम करतच राहतं – आपण जेवतो, झोपतो, हसतो, तरीही?

मनात ठेवा, आणि ऐका.

चंदगडच्या अंगाला, दोन डोंगरांच्या बेचक्यात एक गाव आहे. तिथं विश्राम दळवी राहायचा. धंदा काय? घरोघर नेट जोडून द्यायचं. त्या खोलगट गावात मोबाईलला रेंज नाही. घरात विश्रामनं बसवलेला डबा असेल – तोच तो, हिरवे दिवे लुकलुकणारा – तरच फोन लागायचा, नाहीतर वर खिंडीत चढून जा. म्हणजे गावाचा कान या एका माणसाच्या हातात!

आया यायच्या. "विश्रामभाऊ, पोरं अभ्यास करत नाहीत, संध्याकाळी सात ते नऊ बंद करून द्या." विश्राम आपल्या फोनवर चार ठिकाणी बोट लावायचा. कुणाचा फोन, किती ते किती, कुठले वार. "झालं वहिनी. एकदा लावलं की रोज आपोआप बंद होतं, आपोआप सुरू होतं. पुन्हा बघायला लागत नाही." हसताय? पुढच्या रांगेतल्या दोघी जास्तच हसतायत. हसून घ्या.

विश्रामची बायको कुमुद. मूलबाळ नाही. नवरा दिवसभर बाहेर. तिला बोलायला एकच माणूस – थोरली बहीण, सोलापूरची वत्सलाताई. दुपारची भांडी झाली की दोघी बोलत बसायच्या. काय बोलायच्या? आमटीला काय फोडणी दिली, कुणाचे गुडघे दुखतायत. यापेक्षा मोठं काही नाही.

एकदा विश्राम अवेळी घरी आला. खिडकीतून त्याच्या कानावर पडलं. कुमुद बहिणीला म्हणत होती, "यांच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलणं गं ताई. खानावळीत आल्यासारखं जेवतात आणि उठतात."

खोटं नव्हतं, मंडळी. म्हणूनच लागलं. तो आत गेला नाही. ओट्यावर बसला आणि फोन काढला. कुमुदचा फोन. दोन ते चार. दररोज.

आठवड्यानं कुमुद म्हणाली, "अहो, दुपारची लाईन जाते हल्ली."

"वरूनच जाते," विश्राम म्हणाला.

तिनं विश्वास ठेवला. या धंद्यातलं नवऱ्याला कळणार, तिला काय कळणार? चारनंतर घरची कामं, आणि सकाळ-संध्याकाळ नवरा घरात, तेव्हा मनातलं बोलायची सोय नाही. दोघींचं बोलणं दोन मिनिटांच्या खुशालीवर आलं. विश्रामचा राग दिवाळीपर्यंत पार गेला. तिला साडी आणली, नरसोबाच्या वाडीला नेऊन आणलं. आणि लावलेला नियम? तो विसरून गेला. दुपारी तो घरी नसायचाच, आठवण कोण करून देणार? अकरा महिने गेले.

एका मंगळवारी विश्राम शेजारच्या गावात एका घराच्या छपरावर होता. फोन खाली पिशवीत. सव्वातीनला उतरला, तर भाच्याचे सात फोन येऊन गेलेले. निशिकांत, वत्सलाताईचा मुलगा. त्यानं लगेच लावला.

"काका, आई दवाखान्यात आहे. छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणतात, फार वेळ नाही. शुद्धीवर आहे, सारखी मावशीला बोलव म्हणतेय. मी अडीचपासून लावतोय, मावशीचा फोन लागतच नाही."

"लाईन गेली असेल," विश्राम म्हणाला. "मी तिला खिंडीत घेऊन जातो, तिथं रेंज आहे. वीस मिनिटं दे मला."

बघा हं. स्वतः सांगितलेलं खोटं त्याला आता खरं वाटत होतं. हातातल्या फोनवर जागच्या जागी बोट लावलं असतं तर कुमुदचा फोन त्याच क्षणी वाजला असता. ते त्याच्या मनातच आलं नाही. तो गाडी दामटत निघाला.

दारात पाऊल टाकलं आणि त्याच्या खिशातला फोन टुणटुणला. नेट होतं. घरात नेट चांगलं होतं.

तेव्हा आठवलं.

कुमुद बाहेर आली. "आज लवकर? लाईनचं बघायला आलात का? येईल चारला, रोज येते."

त्यानं निशिकांतला फोन लावला आणि तिच्या कानाशी धरला. पलीकडून पोर रडत म्हणालं, "मावशी, आई गेली. दहा मिनिटं झाली गं."

कुमुद भिंतीला टेकून खाली बसली. ती तशीच बसलेली असताना चार वाजले. तिचा फोन एकदम जागा झाला. निरोपांमागून निरोप. शेवटच्या निरोपात वत्सलाताईचा आवाज, धाप लागलेला. "कुमे, उचल ना गं... बरं, लाईन गेली असेल तुझी. झोपली असशील. झोप हो."

सोलापुरात सगळे विचारत होते, फोन का लागला नाही. कुमुदच सांगायची, "लाईन वरूनच जाते. हे तरी काय करणार?" विश्राम मान खाली घालून ऐकायचा. चौदा दिवस त्यानं ते ऐकलं. घरी परतल्यावर मात्र त्याला राहवेना. कुमुद तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसून त्यानं सगळं सांगितलं.

तिचा हात थांबला. "किती दिवस होतं हे?"

"अकरा महिने."

"म्हणजे लाईन वरूनच जाते, असं ताईला मी रोज खोटं सांगत होते."

"आत्ता काढून टाकतो. तुझ्यासमोर."

"राहू दे," ती म्हणाली. "आता दोन ते चार मला कोण फोन करणार आहे?"

आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

तुम्हाला वाटतंय, बुवा आता सांगतील, तिनं क्षमा केली. नाही, मंडळी. ती त्या घरात राहिली, स्वयंपाक करते, वाढते. पण त्याच्याशी ती फक्त कामापुरतं बोलते. भिंतीशी बोलल्यासारखं.

हा दोष त्या डब्याचा म्हणू नका. त्याला जे सांगितलं ते त्यानं इमानानं केलं. तुमच्याकडे डबा नसेलही. पण "तिनं माहेरी जायचं नाही", "भावाचं नाव या घरात काढायचं नाही" – हे कधी बोललात? किती वर्षं झाली? कशावरून भांडलात, ते आठवतं का तरी? ते अजून सुरू आहे. रोज, आपोआप. आणि पलीकडून कुणी हाक मारत असेल, तर ती तुमच्यापर्यंत येणार नाही.

आरती मी थोडी थांबवतो. ज्याला कुणाला फोन करायचा असेल, त्यानं उठून बाहेर जावं, करून यावं. आम्ही बसलोय.